पाठीच्या मापाची सीट

कोरादिनो द'आस्कानियो हा इटालियन अभियंता मूळचा विमानं आणि हेलिकॉप्टरं घडवणारा. मोटरसायकल त्याला मनापासून नावडायची. पाय फाकवून चढायचं, कपड्यांना तेल लावून घ्यायचं, पंक्चर झालं की चाक काढता काढता घाम गाळायचा, हे त्याला पटत नसे. दुसरं महायुद्ध संपल्यावर पियाजिओ कंपनीनं त्याच्यावर स्वस्त दुचाकीचं काम सोपवलं, तेव्हा त्यानं बसणाऱ्यापासून सुरुवात केली. माणसानं खुर्चीत बसावं तसं गाडीवर बसावं, पाय समोरच्या सपाट फळीवर टेकावेत, इंजिन झाकलेलं असावं. 1946 च्या एप्रिलमध्ये या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि व्हेस्पा रस्त्यावर आली, अवघ्या 8 इंची चाकांवर.

1948 पासून बजाज घराण्याच्या कंपनीनं परदेशी दुचाकी-तीनचाकी आणून भारतात विकायला सुरुवात केली. पुढे पियाजिओचा परवाना मिळवून आकुर्डीला कारखाना उभा राहिला, आणि तो करार संपल्यावर 1972 मध्ये बजाजची स्वतःची चेतक स्कूटर आली. त्यानंतर गिअर गेले, किक गेली, पत्र्याची जागा प्लास्टिकनं घेतली. आता तर इंजिनही जाऊन बॅटरी येते आहे. बसायची पद्धत मात्र द'आस्कानियोनं ठरवली तीच राहिली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, पणजी, कुठंही सकाळी नऊला चौकात उभं राहावं: शेकडो माणसं खुर्चीत बसल्यासारखी समोरून जाताना दिसतात. फक्त या खुर्चीला पाठ नाही आणि तिच्याखाली खड्डे आहेत.

कंबरदुखी हा जगात माणसाला सर्वाधिक काळ अधू करून ठेवणारा आजार आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार 2020 मध्ये सुमारे 61.9 कोटी लोकांना तो होता. त्यातले किती जण स्कूटर चालवतात याची मोजदाद या लेखाला नको आहे. आपल्या गावांत त्यातल्या बहुतेकांना दुखत असलं तरी कामावर जायचंच असतं, आणि जायला हीच गाडी असते. ‘दुचाकी बंद करा’ हा सल्ला डॉक्टरांच्या खोलीत सोपा असतो. ज्याच्या गावाला शेवटची बस सात वाजता सुटते त्याला तो पाळता येत नाही. मग माणूस सीटकडे पाहतो, सीट कडक वाटते, आणि तो मऊ गादी शोधायला निघतो. नेमकी इथंच वाट चुकते. पाठीला हवा असतो नीट आधार, आणि मऊपणा बऱ्याचदा तोच आधार काढून घेतो. हे का, ते कळण्यासाठी आधी माणूस खाली बसतो तेव्हा कमरेत काय घडतं ते पाहायला हवं.

उभ्या माणसाच्या कमरेचे पाच मणके पुढच्या बाजूला हलका बाक घेऊन उभे असतात. बसताना मांडी वर येते आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात. ते स्नायू कमरेखालच्या हाडांच्या घेराला, म्हणजे पेल्व्हिसला, मागच्या बाजूला खेचतात. पेल्व्हिस मागे कलंडला की त्याच्यावर उभा असलेला कमरेचा बाक सपाट होतो, कधी उलटाही होतो. ओमाहाचे मेंदूशल्यविशारद जे. जे. कीगन यांनी 1953 मध्ये एक्स-रे काढून हे दाखवलं. माणसाला निरनिराळ्या स्थितींत ठेवून त्यांनी चित्रं घेतली, तेव्हा धड आणि मांडी यांच्यात सुमारे 135 अंशांचा कोन असताना कमरेचा बाक सर्वांत नैसर्गिक राहतो असं त्यांना आढळलं. कोन 90 अंशांवर आला की बाक मोडतो. डेन्मार्कचे शल्यविशारद मंडाल यांनी पुढे याच आधारावर शाळेतल्या मुलांसाठी उंच, पुढे उतरत्या खुर्च्यांचा आग्रह आयुष्यभर धरला.

दोन मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब मोजायचं धाडस स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात केलं. जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून त्यांनी आकडे मिळवले. उभं असताना दाब 100 मानला तर आधाराशिवाय बसल्यावर तो सुमारे 140 आणि पुढे वाकून बसल्यावर 185 पर्यंत जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. 1999 मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी अधिक आधुनिक उपकरणानं मोजलं तेव्हा सरळ बसण्याचा आकडा उभ्या स्थितीपेक्षा जास्त आला नाही, किंचित कमीच आला. पण पुढे वाकून बसल्यावर दाब झपाट्यानं वाढतो, यावर दोघांचं एकमत आहे. म्हणजे ‘बसणं वाईट’ हे अर्धवट विधान झालं. कंबर गोल करून बसणं वाईट, आणि त्यावर धक्के बसत असतील तर ते आणखी वाईट.

आता स्कूटरवर बसलेला माणूस आठवावा. पाय समोर फळीवर, गुडघे खुब्यांच्या बरोबरीला, उंच माणसाचे तर खुब्यांच्याही वर. धड आणि मांडी यांच्यातला कोन 90 अंश किंवा त्याहून कमी. पाठ टेकायला काही नाही. हात पुढे हँडलवर. पहिली पाच मिनिटं स्नायू पाठ सरळ धरतात, मग थकतात आणि माणूस नकळत बसका होतो. मोटरसायकलवर पाय फूटरेस्टवर, शरीराच्या बरेच खाली असतात. खड्डा दिसला की स्वार पायांवर भार घेऊन अंग सीटवरून जरासं उचलतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. स्कूटरवर पाय इतके पुढे असतात की हे जमत नाही. धक्का थेट बैठकीच्या हाडांतून मणक्यात जातो. काही इलेक्ट्रिक स्कूटरांत बॅटरी पायाखालच्या फळीत बसवल्यानं फळी आणखी वर आली आहे, गुडघे त्या प्रमाणात उचलले जातात. अशी गाडी घेण्याआधी कंबरदुखीच्या माणसानं तिच्यावर निदान वीस मिनिटं फिरून पाहावं. शोरूमच्या दारातली फेरी पुरत नाही.

धक्क्याचं गणितही स्कूटरच्या विरोधात आहे. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं आणि त्याच खड्ड्यातून मोठ्या चाकापेक्षा जोरात वर फेकलं जातं. आपल्या बहुतेक स्कूटरांचं मागचं चाक 10 किंवा 12 इंची आहे. शिवाय गिअरलेस स्कूटरमध्ये इंजिन, बेल्टचं ट्रान्समिशन आणि मागचं चाक हा सगळा एकच ठोकळा असतो. चाक उडालं की अख्खा ठोकळा उडतो. स्प्रिंगच्या खालचं वजन जितकं जास्त, तितका शॉकअपला तो धक्का आवरणं कठीण. ज्या इलेक्ट्रिक स्कूटरांची मोटर चाकाच्या तुंब्यातच बसवलेली असते त्यांचंही हेच दुखणं आहे. त्यात स्वार मागच्या चाकाच्या बराच जवळ बसतो, आणि मागे बसणारा तर जवळपास चाकाच्या डोक्यावर.

सगळे धक्के सारखे नसतात. उभ्या दिशेनं सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होणाऱ्या हेलकाव्याला बसलेल्या माणसाचा कणा सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. त्या लयीत शरीर स्वतःच डोलू लागतं आणि खालून आलेली हालचाल कण्यात वाढून पोहोचते. ताशी 30 कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे 8.3 मीटर. रस्त्यावर दर पावणेदोन-दोन मीटरला उंचवटा असेल तर याच वेगाला सेकंदाला चार-पाच हेलकावे बसतात. खचलेले पेव्हर ब्लॉक, ठिगळं लावलेलं डांबर, ओळीनं घातलेल्या पट्ट्या यांवरून जाताना थोडा वेग कमी केला की अचानक बरं का वाटतं, त्याचं एक कारण हे. धक्का लहान होतोच, त्याची लयही कण्याच्या लयीतून बाहेर पडते.

गतिरोधकाबद्दल एवढंच: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक मापांनुसार ताशी 25 कि.मी. वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सें.मी. उंच असायला हवा. गल्लीच्या तोंडाशी हातभर रुंदीचा जो सिमेंटचा उभट उंचवटा एका रात्रीत उगवतो, तो या मापांत कुठंच बसत नाही. नगरसेवकाकडे तक्रार करताना हे दोन आकडे तोंडपाठ असावेत. कंबरदुखीच्या माणसाचा तो हक्क आहे.

धक्का चाकातून वर येतो, म्हणून सीटच्या दुकानाआधी एक फेरी पेट्रोल पंपावरच्या हवेच्या यंत्राकडे मारावी. होंडा अॅक्टिव्हासाठी सांगितलेली हवा पुढे 22 पीएसआय, मागे एकट्यासाठी 29 आणि दोघांसाठी 36 आहे. प्रत्यक्षात हवा भरणारा मुलगा ‘मागे चाळीस’ म्हणत भरून मोकळा होतो आणि माणूस महिनाभर दगडासारख्या टायरवर बसून कंबर शेकत राहतो. आपल्या गाडीचे आकडे गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतात. सकाळी टायर थंड असताना, एकट्यानं जायचं असेल तर एकट्याच्या मापाची हवा ठेवावी. यातून मिळणारा आराम कुठल्याही कुशनपेक्षा स्वस्त आहे.

दुसरी फेरी मेकॅनिककडे, शॉकअपसाठी. गाडी मेन स्टँडवरून काढून मागचा भाग दोन्ही हातांनी जोरात खाली दाबावा आणि सोडावा. तो वर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीन वेळा वर-खाली झाला तर आतलं तेल संपलेलं आहे आणि नुसती स्प्रिंग उरली आहे. रॉडवर तेलाचा ओघळ दिसला तर शंकाच नको. बऱ्याच स्कूटरांत स्प्रिंगशी खाचांची कडी असते, ती तीन टप्प्यांत फिरते. कडी वरच्या टप्प्यावर नेली की स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते आणि गाडी मागून कमी बसते. पंचेचाळीस किलोच्या बाईनं एकटीनं फिरताना हलका टप्पा ठेवावा. नव्वद किलोच्या गृहस्थानं किंवा रोज दोघं जात असतील तर वरचा. याचा संबंध धक्क्यापुरता नाही. मागचा शॉकअप खाली बसला की संपूर्ण गाडी मागे झुकते, सीट मागे उतरती होते आणि पेल्व्हिस तिच्याबरोबर मागे कलंडतो. कित्येकांची ‘सीट बिघडली’ अशी तक्रार असते, आणि बिघडलेला असतो शॉकअप.

हे दोन्ही झाल्यावरही दुखत असेल तर सीटचं काम काढावं. त्याआधी एक गोष्ट मात्र स्पष्ट असायला हवी. कंबरेतून निघणारी कळ गुडघ्याच्या खाली पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, दुखण्याबरोबर ताप किंवा वजनात घट असेल, तर आधी डॉक्टर. आणि मांड्यांच्या मधला भाग, म्हणजे घोड्यावर बसल्यावर खोगिराला टेकतो तो, बधिर झाला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठावं. कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची ती खूण असते आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.

जुन्या व्हेस्पावर आणि तिच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेल्या स्कूटरींवर पुढे-मागे दोन स्वतंत्र सीटा असत, खाली लोखंडी स्प्रिंगा. नंतर लांब एकसंध सीट आली आणि स्प्रिंगांची जागा पॉलियुरेथेन फोमनं घेतली. या फोमची रसायनं 1937 मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत सापडली. गाद्या आणि सीटा 1950 च्या दशकात त्यानं भरू लागल्या. दुकानात गेल्यावर ग्राहक फोम बोटानं दाबून पाहतो, बोट सहज आत गेलं की खूश होतो. पण बोटाचा दाब आणि साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या बैठकीच्या हाडांचा दाब यांत फार फरक आहे.

फोमचे दोन गुण वेगवेगळे मोजले जातात. घनता म्हणजे एका घनमीटरात किती किलो माल आहे. त्यावर फोम किती वर्षं टिकेल, पिचेल की नाही, हे ठरतं. कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. घन फोम मऊ असू शकतो आणि हलका फोम कडक. स्वस्त मऊ फोमचं काय होतं? माणूस बसताच तो पूर्ण चेपला जातो, हाडं खालच्या प्लास्टिकच्या बेसला जवळपास टेकतात, आणि खड्डा आला की शोषायला काही शिल्लकच राहत नाही. दुसरं, मऊ सीट कण्याला त्रास देणाऱ्या त्याच 4 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4 हेलकाव्यांच्या आसपास स्वतः डोलते आणि हेलकावा कमी करण्याऐवजी वाढवते. साउदम्पटनचे मायकेल ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहनांच्या सीटांवर वर्षानुवर्षं केलेल्या मोजमापांत हे वारंवार दिसलं आहे. तिसरं, मऊ फोममध्ये बैठकीची हाडं एकसारखी रुतत नाहीत. एक बाजू जास्त बसते, पेल्व्हिस तिरका होतो आणि कंबर दिवसभर एका अंगाला वाकून काम करते.

मेमरी फोमची ख्याती मोठी आहे. 1966 मध्ये नासाच्या कामासाठी चार्ल्स योस्ट यांनी तो तयार केला, विमानाच्या सीटांत धक्का आणि दाब दोन्ही सोसण्यासाठी. त्याचा स्वभाव उष्णतेवर चालतो: अंगाच्या उबेनं तो मऊ होतो, थंडीत कडक. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या सीटमध्ये तो पार ढिला पडेल, महाबळेश्वरच्या पहाटेला फळीसारखा लागेल. म्हणून अख्खी सीट त्याची करू नये. घट्ट फोमच्या वर एक-दीड सेंटिमीटरचा पातळ थर एवढंच त्याचं काम. जेलच्या पॅडचंही तसंच: ते दाब छान वाटून देतं, पण ऊन पितं आणि बराच वेळ सोडत नाही. दुपारी ऑफिसबाहेर उन्हात गाडी लावणाऱ्यानं जेल टाळलेलंच बरं.

हवेच्या उशीबद्दल मात्र अधिक सांगायला हवं, कारण कंबर आणि माकडहाड दोन्ही दुखणाऱ्यांना तिचा खरा उपयोग होतो. व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून अमेरिकेत एकमेकांना जोडलेल्या लहान लहान हवेच्या कप्प्यांच्या उशा तयार झाल्या. त्याच कल्पनेवरच्या उशा आता दुचाकीसाठी मिळतात. हवा कप्प्याकप्प्यांत सरकत राहते, त्यामुळे दाब एका जागी साठत नाही. चूक होते ती फुगवण्यात. माणूस ती टम्म फुगवतो, मग तिच्यावर बसल्यावर डुगडुगतो, वळणावर घसरतो. उशी आधी थोडी जास्त फुगवावी, तिच्यावर बसावं, आणि बसल्या बसल्या हवा सोडत जावं. बैठकीच्या हाडाखाली हात घातला तर हाड आणि सीट यांच्यात दीड ते अडीच सेंटिमीटर अंतर उरलेलं असावं. त्याहून जास्त नको, कमी तर नकोच. पट्टे सीटखालून घट्ट आवळलेले असावेत. सुटी उशी ब्रेक दाबताना पुढे सरकली तर कंबरेऐवजी डोकं वाचवायची वेळ येईल.

आता सीट बनवणाऱ्याकडे. पुण्यात नाना पेठेतल्या दुचाकीच्या सुट्या भागांच्या बाजारात, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी एखाद्या गॅरेजशेजारी, असा कारागीर असतोच. रेक्झिनचे रोल टांगलेले, शिलाई मशीन, स्टेपलची गन, फोमचे तुकडे. त्याचं कौशल्य मोठं असतं. पण त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक रंग आणि डिझाइन सांगतात, दुखणं सांगत नाहीत. तोही बिचारा कव्हर शिवून देतो. कंबरदुखीच्या माणसानं त्याला वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात.

पहिली, बैठकीच्या हाडांतलं अंतर. घरी एका कडक, सपाट बाकावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, पातळ कपड्यात त्यावर बसावं, पाय जरा उचलावेत आणि उठावं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर बहुतेकांत 10 ते 15 सें.मी.च्या दरम्यान भरतं. सायकलची सीट निवडताना हीच युक्ती वापरतात. हा पुठ्ठा सीटवर, आपण खरोखर बसतो त्या जागी, ठेवून कारागिराला दाखवावा. या दोन खळग्यांखालचा फोम सपाट आणि घट्ट हवा, कडेनं किंचित वर आलेला. शिलाईची जाड शिवण या खळग्यांवर कधीच येऊ देऊ नये. माकडहाड दुखत असेल तर मागच्या बाजूला मधोमध फोममध्ये एक खाच कापून घ्यावी, म्हणजे ते हाड अधांतरी राहतं.

दुसरी गोष्ट उतार. बहुतेक जण सीटवर बसून आरशात पाहत नाहीत. पाहावं, किंवा कुणाला बाजूनं फोटो काढायला सांगावं. हँडल धरून नेहमीसारखं बसल्यावर कमरेचा पट्टा मागच्या बाजूला खाली झुकलेला दिसला, तर पेल्व्हिस मागे कलंडतो आहे. अशा वेळी बैठकीच्या हाडांखालचा, म्हणजे बसण्याच्या जागेचा मागचा भाग एक-दीड सेंटिमीटर उचलून पुढचा तसाच ठेवला तर धड-मांडीचा कोन थोडा उघडतो आणि कंबर आपोआप उभी राहते. दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त करू नये. उतार वाढला की ब्रेक लावताना माणूस पुढे घसरतो, हातांनी स्वतःला ढकलून धरतो, आणि दुखणं कमरेतून खांद्यांत जातं.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि इथं सर्वांत मोठी चूक घडते. बहुतेक स्कूटरांची सीट जमिनीपासून साधारण 760 ते 775 मि.मी. उंच असते. पाच फूट उंचीच्या शिक्षिकेचा पाय सिग्नलला पुरत नाही, म्हणून ती सीटचा फोम कापून दीड इंच खाली करून घेते. पाय पुरतात. पण आता गुडघे वर आले, धड-मांडीचा कोन मिटला, आणि कापलेल्या फोममुळे धक्काही जास्त बसू लागला. सहा महिन्यांनी ती कंबरदुखी घेऊन डॉक्टरांकडे जाते, आणि सीटचा उल्लेखही होत नाही. याला उत्तर आहे. सीटची उंची तशीच ठेवून तिच्या पुढच्या भागाच्या दोन्ही कडा तासून घ्याव्यात. रुंद सीट मांड्यांना फाकवते आणि पायांची लांबी त्यातच खर्ची पडते. कडा अरुंद झाल्या की पाय सरळ खाली जातो आणि जमिनीला लागतो. कारागीर हेक्सॉच्या ब्लेडनं हे काम दहा-पंधरा मिनिटांत करतो. सीट कापण्याऐवजी सीट तासा, असा आग्रह प्रत्येक हाडवैद्यानं आणि फिजिओथेरपिस्टनं धरावा असं मनापासून वाटतं.

चौथी, पाठीचा टेका. उंच बॅकरेस्ट स्वाराला नको. उतरताना पाय अडकतो आणि मागच्याची पंचाईत होते. कमरेच्या खालच्या भागाला लागेल असा, सात-आठ सेंटिमीटर उंचीचा, घट्ट फोमचा आडवा उठाव स्वाराच्या आणि मागच्याच्या जागेमध्ये करून घेतला तर पेल्व्हिसला मागे कलंडायला जागाच उरत नाही. तो योग्य जागी यावा म्हणून कव्हर शिवण्याआधी फोम सोल्यूशननं तात्पुरता चिकटवून त्यावर बसून पाहावं. चांगला कारागीर यासाठी थांबतो.

डिकीचं कुलूप आणि पुढची बिजागरी नव्या जाडीला अडत नाही ना, हे तिथंच दहा वेळा उघडून-झाकून पाहावं. रेक्झिनच्या खाली प्लास्टिकचा एक अख्खा कागद घातलेला असावा, नाहीतर पहिल्याच पावसात शिवणीच्या छिद्रांतून पाणी फोममध्ये जातं आणि जुलैभर सीट ओली राहते. ओला फोम लवकर पिचतो. वर लावायचं जाळीचं कव्हर उन्हाळ्यात सुखद असतं, पण ते सैल असेल तर बैठक सरकते.

मागे बसणाऱ्याचा विचार सीट करताना फारसा कुणी करत नाही, आणि धक्का त्यालाच जास्त बसतो. साडी नेसलेली बाई एका अंगानं बसते तेव्हा तिचा पेल्व्हिस एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असतात. कणा पिळलेला असताना खड्डे झेलणं त्याला सर्वांत जड जातं. कंबर दुखत असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसावं, सलवार किंवा पँट घालता येत असेल तर घालावी. ते जमणार नसेल तर निदान मागचा हात पकडीच्या दांड्यावर असावा आणि पाय नीट टेकलेले. दुचाकीला हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारी जाळी हवीच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो. जुन्या गाडीची जाळी गंजून काढून टाकली असेल तर ती परत बसवावी.

स्कूटरशी जोडलेल्या दोन सवयी सीटइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसलं की एक कुल्ला वर राहतो आणि त्या बाजूच्या नसेवर दाब येतो. पाकीट डिकीत टाकावं. आणि मेन स्टँड हातांनी ओढून लावू नये. शंभर किलोहून जड गाडी वाकून उचलणं म्हणजे चकतीला थेट आमंत्रण. उजव्या पायानं स्टँडच्या टोकावर पूर्ण वजन टाकावं, हातांनी गाडी फक्त सरळ धरावी. गाडी पायाच्या जोरावर चढते. शक्य तिथं साइड स्टँड वापरावा. सकाळी अंथरुणातून उठल्याउठल्या तर हे काम टाळावंच: रात्रभर आडवं राहिल्यानं चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण त्यांना जास्त लागतो. दूध आणायला जायचं असेल तर आधी घरात दहा-पंधरा मिनिटं फिरावं.

नवी सीट पहिल्या दिवशी नेहमीच जरा कडक वाटते, आणि लोक निराश होतात. घट्ट फोम पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगाखाली बसतो. तेवढे दिवस रोजच्याच रस्त्यानं, रोजच्याच वेळी जावं, आणि दुखणं गाडीवर असताना येतं की उतरल्यावर, उजवीकडे की डावीकडे, हे लक्षात ठेवावं. मग त्याच कारागिराकडे परत जाऊन सांगावं: इथं टोचतं, तिथं घसरतं. कव्हर स्टेपलवर असतं, तासाभरात निघतं आणि परत लागतं. पहिलं काम ठरवतानाच ‘महिन्यानं एकदा उघडून दुरुस्त करून द्यायचं’ असं बोलून घेतलं तर तो नाही म्हणत नाही.